न जुळवलेल्या तारेचा गंधार
बडोद्याच्या दरबारातून निघालेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्वराची कहाणी

तंबोऱ्याला चार तारा असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. गंधाराची तार त्यात नसते. तरीही तंबोरा नीट जुळला, जवारी खुलली आणि आजूबाजूला शांतता असली, की लक्ष देऊन ऐकणाऱ्याच्या कानी गंधार पडू लागतो. तो कोणी छेडलेला नसतो आणि कोणी गायलेलाही नसतो. संगीताच्या परंपरेत त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. गोव्यातील देवळांच्या सभामंडपात गायन सुरू होण्यापूर्वी तंबोरे जुळत असताना जे आधीच जाऊन बसतात, त्यांना या स्वराची ओळख नव्याने करून द्यावी लागणार नाही.

किराणा घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे गाणे या न जुळवलेल्या तारेच्या आधाराने उभे राहिले. त्यांच्या चरित्रात बडोदे सोडून जाण्याचा प्रसंग आहे, संसार मोडल्याचे दुःख आहे, श्रुतींवरचा शास्त्रीय वाद आहे आणि एका अनोळखी रेल्वे स्थानकावरचा मृत्यू आहे. परंतु आज, जेव्हा ध्वनिमुद्रित आवाज श्रोत्याच्या पुढे, मागे, डोक्यावर, हवा तिथे ठेवून दाखवण्याचे तंत्र खिशातल्या फोनपर्यंत पोहोचले आहे, तेव्हा हे चरित्र आणखी एका प्रश्नासाठी वाचावेसे वाटते. आपण जे ऐकतो, त्यातले किती बाहेरून येते आणि किती आपल्या कानात घडते?

अब्दुल करीम यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. याच गावाच्या नावावरून घराण्याला किराणा हे नाव मिळाले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. घरात गाण्याइतकीच सारंगी आणि बीनही होती. सारंगीला पडदे नसतात. स्वर नेमका कोठे आहे हे बोटाला कानाकडूनच शिकावे लागते. बीनेच्या तारेवर स्वर ओढून नेताना दोन स्वरांमधली सगळी वाट ऐकू येते. बालपणीच या दोन्ही वाद्यांचा सहवास मिळालेल्या गायकाच्या गळ्यात पुढे जी मींड आली आणि स्वरावर तासन्‌तास स्थिर राहण्याची जी वृत्ती आली, तिचे मूळ येथे शोधता येते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तरुण अब्दुल करीम आपल्या भावासह बडोद्यास आले. आजचे वडोदरा हे तेव्हा महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीत हिंदुस्थानातील एक अग्रेसर संस्थान होते. १८७५ साली गादीवर आलेल्या या राजाने शाळा, ग्रंथालये आणि कलांना भक्कम आश्रय दिला. १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या नेतृत्वाखाली तेथे गायनशाळा सुरू झाली. गाण्याचे शिक्षण घराण्याच्या उंबरठ्याआड न ठेवता ते वर्गात, स्वरलिपीच्या साहाय्याने द्यावे, हा त्या काळी धाडसी वाटणारा विचार तेथे प्रत्यक्षात आला. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ हे बडोद्यातच १८८२ मध्ये जन्मले आणि पुढे पाश्चात्त्य देशांत सूफी विचार व नादतत्त्व सांगणारे म्हणून प्रसिद्ध झाले. राज्यकर्ते मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती आणि कलावंत उत्तरेकडून आलेले, अशा त्या नगरीत स्वराविषयी बोलणारी माणसे पुष्कळ होती.

या दरबारात अब्दुल करीम यांच्या गाण्याला मान मिळाला. परंतु बडोद्याने त्यांच्या आयुष्याला जे वळण दिले ते गाण्यापुरते राहिले नाही. राजघराण्याशी नातेसंबंध असलेले सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई यांना त्यांच्याकडून तालीम मिळू लागली आणि त्यांतून दोघांचा स्नेह जुळला. मराठा सरदाराची मुलगी आणि दरबारी मुसलमान गवई यांचा विवाह त्या समाजाला मान्य होण्याजोगा नव्हता. दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबई गाठली. दरबाराचे वेतन, मानमरातब आणि सुरक्षितता या सगळ्यांवर पाणी सोडून हा गायक दक्षिणेकडे निघाला. उत्तरेतल्या एका गावाचे गाणे पुढे महाराष्ट्रात, उत्तर कर्नाटकात आणि गोव्यात रुजले, त्याची सुरुवात या निघून जाण्यात आहे.

त्यानंतरची वर्षे भ्रमंतीची होती. मुंबई, कोल्हापूर, मिरज, बेळगाव, हुबळी-धारवाड, पुणे असा त्यांचा वावर राहिला. गोमंतकीय वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागा याच काळातला आहे. फोंडा तालुक्यातील केरी गावी १८९२ मध्ये जन्मलेल्या केसरबाई केरकर सुमारे आठ वर्षांच्या असताना कोल्हापुरास गेल्या आणि तेथे काही महिने त्यांना अब्दुल करीम खाँ यांची तालीम मिळाली. पुढे गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे आणि नंतर अल्लादिया खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले व त्यांची गायकी जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून ओळखली गेली. परंतु स्वरांच्या पहिल्या संस्कारांत किराण्याचा हा अल्पकाळही होता. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. ऐकणारा कोण असेल, त्याला कान असतील की नाही, हे माहीत नसताना पाठवलेला तो स्वर आहे.

खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. गुरुगृही राहून शिकणे आणि शाळेची शिस्त यांचा तेथे मेळ होता. शिष्यांकडून ते प्रथम तंबोरा जुळवून घेत. वाद्ये दुरुस्त करण्याचे, जवारी काढण्याचे त्यांचे कसब प्रसिद्ध होते. जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीच्या माथ्याला दिलेला अगदी हलका उतार आणि त्यावर तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा. दोरा केसभर सरकला तरी आवाज मिटतो किंवा खुलतो. तंबोऱ्यांसाठी ख्यात असलेल्या मिरजेत त्यांनी घर केले, हे त्यांच्या स्वभावाला साजेसेच झाले.

आता त्या स्वयंभू गंधाराचे गणित पाहू. समजा खर्जाची तार सेकंदाला १०० वेळा कंप पावते. तार छेडली की ती केवळ अखंड हलत नाही. आपल्या दोन, तीन, चार, पाच भागांतही ती एकाच वेळी हलत असते. त्यामुळे १०० कंपनांच्या मूळ स्वराबरोबर २००, ३००, ४०० आणि ५०० कंपनांचे उपस्वर निर्माण होतात. २०० आणि ४०० हे वरच्या सप्तकांतले षड्ज, ३०० हा पंचम आणि ५०० हा गंधार. म्हणजे गंधार आकाशातून येत नाही, तो खर्जाच्या तारेतच दडलेला असतो. साध्या घोडीच्या वाद्यात तो इतका दुबळा राहतो की कानाला वेगळा कळत नाही. जवारीच्या उतारावर तार पुनःपुन्हा घासली जाते, उपस्वरांना बळ मिळते आणि ते एकामागून एक उमलल्यासारखे ऐकू येतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तंबोरा व वीणा यांच्या घोडीचा हाच विशेष दाखवला. तार जेथे छेडली त्या जागेवरून जे उपस्वर नियमाने उमटू नयेत, तेही या वाद्यांत उमटतात, असे त्यांना आढळले.

या गंधाराची आणि षड्जाची पट पाचास चार अशी आहे. पेटीचा गंधार मात्र सप्तकाचे बारा समान तुकडे करून ठरवलेला असतो. आपल्या उदाहरणात तो ५०० ऐवजी जवळजवळ ५०४ वर पडतो. फरक अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका. एकटा ऐकला तर बहुतेकांना तो कळणार नाही. पण तंबोऱ्याच्या गंधाराबरोबर तो लावला की दोन स्वर एकमेकांवर आदळून सेकंदाला सुमारे चारदा आवाज कमीजास्त होतो. खाँसाहेबांसारखा गायक हे लहरणे पूर्ण थांबेपर्यंत आपला स्वर सरकवत नेतो. लहरणे थांबले की गायकाचा गंधार आणि तंबोऱ्याचा गंधार एकजीव होतात आणि ऐकणाऱ्याला आवाज अचानक मोठा झाल्याचा भास होतो. गायकाने जोर वाढवलेला नसतो. ज्यांच्या गळ्याला अनेकांनी बारीक म्हटले, त्या अब्दुल करीम यांचा स्वर मैफल भरून टाकी, त्याचे एक कारण या जुळणीत आहे.

सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांना याच गोष्टीने खाँसाहेबांकडे ओढले. श्रुती बावीस कशा आणि त्या मोजता येतात का, या प्रश्नाचा त्यांनी ध्यास घेतला होता. गायकाचा स्वर आणि मोजमापाची तार यांची तुलना करून त्यांनी १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. मुलकी सेवेतील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी हे काम पुढे नेले, १९१३ मध्ये स्वतःचे पुस्तक लिहिले आणि श्रुती दाखवणारी खास पेटी तयार करून घेतली. या सर्व खटाटोपात अब्दुल करीम खाँ यांचा कान व गळा हे एक प्रमाण मानले गेले. घराण्याची विद्या झाकून ठेवण्याच्या काळात एक उस्ताद आपला स्वर मोजू देतो, ही साधी गोष्ट नव्हती.

१९१६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने आणि सयाजीरावांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती बडोद्यातच. श्रुतींचा आणि क्लेमेंट्स यांच्या पेटीचा वाद तेथे रंगला. एका बाजूला ठरावीक मोजमापाचा आग्रह, दुसऱ्या बाजूला रागागणिक स्वर बदलतो असा गायकांचा अनुभव. एकमत झाले नाही. ज्या नगरीतून अब्दुल करीम यांना जावे लागले होते, त्याच नगरीत त्यांनी सोसलेल्या स्वराच्या प्रश्नावर विद्वान भांडत होते. पुढे त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी श्रुतींचा हा विचार चालू ठेवला आणि १९७२ मध्ये गुरूंचे विस्तृत चरित्रही लिहिले.

येथवर स्वर कोणता, याचा विचार झाला. स्वर कोठून येतो, हा प्रश्नही खाँसाहेबांच्या बैठकीत तितकाच महत्त्वाचा होता, जरी त्यांनी तो अशा शब्दांत मांडला नसला तरी. ख्यालगायक दोन तंबोऱ्यांच्या मध्ये बसतो. तंबोरे त्याच्या खांद्यांमागे, दोन बाजूंस. आवाजाची दिशा आपल्याला मुख्यतः दोन कानांमुळे कळते. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि डाव्या कानाला फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका उशिरा पोहोचतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. वरच्या स्वरांत डोके आडवे येऊन एका कानात आवाज मंद होतो, त्याचाही उपयोग होतो. इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये या दोन खुणांचा विचार मांडला. त्याखेरीज आवाजाची सुरुवात महत्त्वाची. टाळी, ठोका, तोंडातून फुटलेले व्यंजन यांची जागा लगेच कळते. पण सुरुवात नसलेला, सतत चालू असलेला आवाज भिंतींवरून परतून सगळीकडून येऊ लागतो आणि त्याची जागा सापडत नाही.

तंबोरा नेमका असा आहे. बोट हळुवार फिरते, एक तार विरायच्या आत दुसरी बोलते, दोन तंबोऱ्यांच्या फेऱ्या एकमेकांत मिसळतात. थोड्याच वेळात श्रोत्याला तंबोरा समोर आहे असे वाटेनासे होते. खोलीच वाजत आहे असे वाटते. त्या सर्वव्यापी नादात गायकाचा आवाज मात्र एका ठिकाणाहून येतो. खाँसाहेब शब्द फार कमी टोकदार करीत, आकारातल्या लांब आलापीत स्वर हलकेच सुरू करीत आणि हलकेच सोडत. त्यामुळे त्यांचा स्वर तंबोऱ्यातून कधी निघाला आणि तंबोऱ्यात कधी मिसळला, हे सांगणे कठीण होई. हा परिणाम साधायला यंत्र लागले नाही. लागला तो शांत श्रोता, नीट जुळलेले तंबोरे आणि घाई नसलेला गायक.

अशा गाण्याची ग्रामोफोनशी गाठ पडली. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात, १९०५ च्या सुमारास, त्यांच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणावर रेघ कोरी. तीन-साडेतीन मिनिटांत राग संपवायचा. ज्या गायकाला एका गंधारावर पोहोचायला अर्धा तास लागावा, त्याच्यासाठी हे बंधन क्रूर होते. शिवाय कर्ण्यातून साधारण २०० कंपनांच्या खालचे काही फारसे उतरत नसे. तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या कितीतरी खाली असतो.

तरीही त्या तबकड्या ऐकताना खर्ज हरवल्यासारखा वाटत नाही. याचे उत्तर कानात आहे. २००, ३००, ४००, ५०० असे उपस्वर एकत्र ऐकू आले की त्यांचे मूळ १०० असले पाहिजे, हे मेंदू स्वतःच ताडतो आणि जो स्वर हवेत नाही तो आपल्याला ऐकवतो. जर्मन शास्त्रज्ञ झेबेक यांनी १८४१ मध्येच हा चमत्कार नोंदवला होता आणि त्यावरून ओम यांच्याशी त्यांचा मोठा वादही झाला. रोजचा दाखला टेलिफोनचा. जुन्या टेलिफोनमधून सुमारे ३०० कंपनांच्या खालचा आवाज जात नसे आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर बहुधा त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. तरी वडिलांचा आवाज वडिलांचाच वाटे. तंबोऱ्याचा गंधार तारेत असून वेगळा काढावा लागतो; तबकडीचा खर्ज तबकडीत नसूनही ऐकू येतो. एका टोकाला घोडी आणि दुसऱ्या टोकाला कान, दोघे मिळून स्वर पुरा करतात.

१९२२ मध्ये ताराबाई मुलांसह खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. बडोदे सोडताना ज्या संसारासाठी सर्वस्व पणाला लावले होते, तो संपला. मुलांची घरातली जुनी नावे मागे पडली. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने म्हणून, चंपाकली हिराबाई बडोदेकर म्हणून आणि सकीना सरस्वतीबाई राणे म्हणून महाराष्ट्राला ज्ञात झाल्या. वडिलांचे नाव त्यांपैकी कोणाच्या नावात उरले नाही. हिराबाई आणि कमलाबाई या बहिणींच्या आडनावात बडोदे मात्र कायमचे राहिले. पुढची तालीम मुलांना किराण्याचेच दुसरे दिग्गज अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून मिळाली. हिराबाई तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या गायिकांत गणल्या जातात. त्यांचा शांत, ठेहराव असलेला स्वर ज्यांनी ऐकला, त्यांना त्यात नाव न सांगितलेल्या पित्याची ओळख पटत असे. खाँसाहेबांच्या उत्तरायुष्यातील गाण्यात जी व्याकुळता आली, तिचा संबंध अनेक जाणकार या विरहाशी जोडतात. ते खरे असो वा नसो, त्यांच्या अखेरच्या ध्वनिमुद्रिकांत ती ऐकू येते यात शंका नाही.

या ध्वनिमुद्रिका १९३० नंतरच्या दशकातल्या, ओडियन कंपनीच्या. तोवर मायक्रोफोन आला होता. गायकाला कर्ण्यावर ओरडावे लागत नव्हते. तंबोरा आणि कुजबुजीइतका हलका स्वरही टिपता येऊ लागला. झिंझोटी, जोगिया, बसंत आणि भैरवीतल्या त्यांच्या तबकड्या घरोघरी गेल्या. म्हैसूर दरबाराच्या निमंत्रणांमुळे कर्नाटक संगीताचा त्यांनी आदराने अभ्यास केला होता, त्याचा ठसाही या काळातल्या सरगमांत दिसतो. गदग येथील एका शाळकरी मुलाने दुकानात वाजणारी त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडले. तो मुलगा पंडित भीमसेन जोशी. खाँसाहेबांचे पट्टशिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे त्यांचा शोध संपला. गायक समोर नव्हता, खोली नव्हती, रस्त्याची वर्दळ होती, आवाज एका पेटीच्या तोंडातून येत होता, तेवढे पुरले.

त्याच सुमारास, १९३१ मध्ये, इंग्लंडमधील अभियंता ॲलन ब्लमलाइन यांनी दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन ध्वनिक्षेपकांमधल्या मोकळ्या जागेत, जेथे काहीच नाही तेथे, गायक उभा असल्याचा आभास निर्माण करण्याची ती युक्ती होती. आजच्या स्टिरिओचे आणि सर्व बाजूंनी आवाज ऐकवणाऱ्या तंत्राचे मूळ तेथे आहे. पण ते घराघरांत पोहोचायला आणखी काही दशके लागली. अब्दुल करीम खाँ यांचा स्वर एकाच वाहिनीत राहिला. त्यांच्या तंबोऱ्यांपैकी कोणता डावीकडे होता, हे कोणत्याही तबकडीवरून कळणार नाही.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासेतील कार्यक्रमानंतर ते आगगाडीने पाँडिचेरीकडे निघाले. वाटेत छातीत दुखू लागले, म्हणून चेंगलपट्टुजवळच्या सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्थानकावर शिष्यांनी त्यांना उतरवले. फलाटावर बिछाना घातला. शिष्यपरिवारात सांगितले जाते, की त्यांनी तंबोरा जुळवायला सांगितला, नमाज पढला, दरबारीच्या स्वरांत ईश्वराचे स्मरण केले आणि डोळे मिटले. तो दिवस २७ ऑक्टोबरचा. देह मिरजेस आणून ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. तेथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गायक हजेरी लावतात.

त्यांच्या त्याच तबकड्या आज आपण फोनवर, कानात इअरफोन घालून ऐकतो. दोन्ही कानांना एकच आवाज, एकाच क्षणी, सारख्याच जोराने मिळतो. दिशेची एकही खूण नसते. म्हणून खाँसाहेब समोर बसल्यासारखे न वाटता आपल्या डोक्याच्या मधोमध गात आहेत असे वाटते. नवे तंत्र हा दोष दूर करू पाहते. कानाची पाळी आवाजाला दिशेप्रमाणे जो रंग देते, तो हिशेबाने मिसळून आणि डोके वळले की आवाज उलट फिरवून ते गायकाला समोर बसवते, हवे तर दिवाणखान्यात, हवे तर देवळात. प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा असल्याने सरासरी कानावर बेतलेला हा हिशेब काहींना समोरचा आवाज मागून आल्यासारखा ऐकवतो. नव्या मुद्रणासाठी हे तंत्र उपयोगी आहे आणि पुढे ते आणखी सुधारेल.

जुन्या तबकड्यांबाबत मात्र जपून पावले टाकायला हवीत. त्यांना बैठकीची खोली जोडली, तर ती खोली आपण रचलेली असते. खाँसाहेब तिच्यात कधी बसले नव्हते. त्याहून मोठा धोका स्वच्छतेचा. तबकडीची खरखर आणि तंबोऱ्याचे वरचे उपस्वर एकाच पट्ट्यात असतात. खरखर पुसताना हात जड पडला तर तंबोऱ्याची झळाळी तिच्याबरोबर पुसली जाते आणि ज्या आधारावर गायक आपला गंधार टेकवत होता, तोच नाहीसा होतो. मग उरतो तो सुटा, एकाकी गळा. संग्रहालये, नभोवाणी आणि घरोघरचे संग्राहक यांनी अशा तबकड्यांची नक्कल करताना एक प्रत खरखरीसकट, जशी आहे तशी राखणे म्हणूनच आवश्यक आहे. चांगले तंत्र पुढे येईल. पुसलेला उपस्वर परत येणार नाही.

ऐकणाऱ्यालाही एक सोपा उपाय आहे. इअरफोन काढावेत, साधा ध्वनिक्षेपक खोलीच्या एका कोपऱ्यात ठेवावा, आवाज मध्यम ठेवावा आणि चार-पाच हात दूर बसावे. मग आपल्याच घराच्या भिंती त्या स्वराला जागा देतात आणि गायक डोक्यातून बाहेर येऊन समोर बसतो. रात्री रहदारी थांबल्यावर ऐकले तर पहिल्या मिनिटात खरखर ऐकू येईल, दुसऱ्यात गळा, आणि तिसऱ्यात, तबकडी संपण्याच्या आत, कोणी न लावलेला तो गंधार.